माळव्याच्या काळ्या मातीत रानफुलांचा वाफा

भाद्रपद जवळ आला की इंदूरमधील मराठी घरांत गौरीसाठी तेरड्याची आणि गणपतीसाठी आघाडा, विष्णुक्रांता यांची शोधाशोध सुरू होते. या वनस्पती माळव्याच्या माळांवर आणि शेतांच्या बांधांवर आपोआप उगवणाऱ्या आहेत. परसात दहा फूट लांब व सहा फूट रुंद, निदान सहा तास ऊन मिळणारी जागा असेल, तर तेथे त्यांचा वाफा करता येतो.

खरे श्रम पेरणीचे नसून त्याआधीच्या मशागतीचे आहेत. बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात; साचलेल्या पाण्यात कोवळी मुळे कुजतात, म्हणून वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा आणि त्याच्या पुढच्या भागात मुरूम मिसळावा. शेणखत मात्र घालू नये. पहिल्या वर्षी मी ते हौसेने घातले, आणि श्रावणात कमरेएवढ्या गवताखाली एकही फूल दिसले नाही. पोसलेल्या जमिनीत जोमदार गवत आणि तण पुढे जातात, तर रानफुले हलक्या जमिनीतही तग धरतात.

मे महिन्यात वाफा भरपूर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे, कडा मातीत दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. माळव्याच्या उन्हाने त्याखालची माती इतकी तापते की वरच्या थरातील तणाचे बरेचसे बी मरते. प्लास्टिक काढल्यावर जमीन पुन्हा खणू नये, कारण खोलवरचे जिवंत बी त्यामुळे वर येते. पहिल्या पावसानंतर जे तण उगवेल ते खुरप्याने वरवर खरवडून टाकावे. गाजरगवत फुलावर येण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याने त्वचेला खाज सुटते व अनेकांना दम्याचा त्रास होतो. त्याच्या पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे लहान भुंगेरे दिसले तर ते मारू नयेत, कारण ते गाजरगवतच खातात.

पाऊस स्थिरावून जमिनीला वाफसा आला की, म्हणजे साधारण जूनच्या अखेरीस, पेरणी करावी. कुर्डूचे बी फार बारीक असते. ते आठपट कोरड्या वाळूत मिसळून फेकावे आणि तळहाताने नुसते दाबावे, मातीखाली गाडू नये. गोकर्ण आणि तरवड यांच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या खरखरीत कागदावर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. मागे मीटरभर वाढणारा कुर्डू, मधल्या किंचित सावलीत तेरडा, कुंपणावर गोकर्ण, कोरड्या कोपऱ्यात तरवड आणि पुढच्या मुरमाड कडेला जमिनीलगत पसरणारी विष्णुक्रांता, अशी मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. कळलावीचे कंद कुंपणापाशी लावता येतात, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी ती लावू नये.

रोपे घेताना नीट पाहावे. रोपवाटिकेत मोठ्या निळ्या फुलांची जी विष्णुक्रांता मिळते ती बहुधा दक्षिण अमेरिकेतील जात असते. आपली फुले नखाएवढी असतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेरडाही एकेरी पाकळ्यांचा घ्यावा, कारण दुहेरी पाकळ्यांच्या फुलात मधमाशीला मधापर्यंत पोहोचणे अवघड जाते. रानफुलांचे मिश्रण म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत अनेकदा परदेशी कॉसमॉस असतो. रालामंडळसारख्या अभयारण्यातून रोपे किंवा कंद आणू नयेत. रस्त्याकडेच्या कुर्डूचे मूठभर बी आपल्याला पुरेसे आहे.

स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात असा वाफा शेजाऱ्यांना माजलेले तण वाटण्याचा संभव असतो. त्यासाठी वाफ्याभोवती वीतभर पट्टा नेहमी कापून ठेवावा आणि कडेला विटा लावाव्यात. मग तो मुद्दाम राखलेला आहे हे पाहताच कळते. रुई आपोआप उगवली तर एखादे झाड राहू द्यावे. काळ्या कडेची केशरी फुलपाखरे तिच्या पानांवर अंडी घालतात, आणि त्यांच्या सुरवंटांनी पाने कुरतडली तरी औषध फवारू नये.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण वाफ्यात तो गणपतीपासून नवरात्रापर्यंत फुलत राहतो. त्याच्या फुगलेल्या शेंगा स्पर्श होताच फुटतात, म्हणून बी हवे असल्यास त्यांवर आधीच मलमलीची पुरचुंडी बांधावी. कुर्डूचे वाळलेले तुरे पौषापर्यंत उभे ठेवावेत. मुनिया त्यांतील बी टिपतात आणि उरलेले वाफ्यातच झडते. नंतर देठ जमिनीपासून चार बोटे सोडून कापावेत, जाळू नयेत. राखून ठेवलेले बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधावे आणि पुडीवर नाव व वर्ष लिहावे.