फायबर ग्रामपंचायतीत पोहोचले, वाडीत कसे आणावे?

आमचे गाव कोकणातल्या बहुतेक गावांसारखे वाड्यांमध्ये विखुरलेले आहे. ग्रामपंचायतीचे कार्यालय गावठाणात आहे आणि आमची वाडी तिथून वहाळ ओलांडून अडीच किलोमीटरवर आहे. ग्रामपंचायतीत फायबर, म्हणजे प्रकाशावर इंटरनेट वाहून नेणारी काचेच्या तंतूची केबल, येऊन काही वर्षे झाली, तरी वाडीतल्या मुलांना परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी सड्यावर जाऊन मोबाइल उंच धरावा लागत होता. अखेर जोडणी आली ती मागणीची यादी, मार्गाची संमती आणि केबल ओढायला तयार असलेला माणूस, या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यावर. ज्यांची वाडी, वस्ती किंवा पाडा अजून थांबला आहे, त्यांना या तीन गोष्टी जुळवता याव्यात म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फायबर नक्की कुठवर आले आहे, हे आधी पाहावे

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली आणि २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. या योजनेचे मुक्कामाचे ठिकाण ग्रामपंचायत हे होते, घर नव्हे. गावात फायबर आले असे कागदावर असूनही घरात काही येत नाही, याचे मूळ इथे आहे. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत देशातल्या एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारच्या महाआयटी या कंपनीने महानेट या नावाने हाती घेतले. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन ग्रामपंचायतींची केबल वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात असू शकते. आपली ग्रामपंचायत कोणत्या टप्प्यात जोडली गेली हे ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, विचारून लिहून घ्यावे. ते ठाऊक नसेल, तर पुढचे सगळे अर्ज भलत्याच कार्यालयात फिरत राहतात.

त्यानंतर ग्रामपंचायतीत प्रत्यक्ष जाऊन ती पेटी डोळ्यांनी पाहावी. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात ओएनटी नावाचे, केबलमधल्या प्रकाशावरून इंटरनेट देणारे लहानसे उपकरण असते. त्यावरचा ‘पॉन’ लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल, तर तालुक्यापासून प्रकाश तिथवर येतो आहे. ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर केबल वाटेत कुठेतरी तुटली आहे किंवा जोड खराब झाला आहे. एकही दिवा लागलेला नसेल, तर आधी वीज पाहावी. आम्ही पाहिलेल्या पेटीत दिवा नव्हता, कारण तिचा प्लग काढून त्या जागी पंख्याचा प्लग लावलेला होता, आणि तो कधी काढला गेला हे कार्यालयात कोणालाच सांगता येईना. प्लग लावल्यावर दोन मिनिटांत हिरवा दिवा लागला. सौर पॅनेल आणि बॅटरी असतील, तर बॅटरीची अवस्थाही त्याच फेरीत पाहून घ्यावी. दिव्यांचा फोटो तारखेसह काढून ठेवावा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तो जोडता येतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायतींना एका सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने जोडणी चालू राहते. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडण्याची तरतूदही त्यात आहे, आणि ‘मागणीनुसार’ हा शब्द आपण घट्ट धरून ठेवायचा आहे. मात्र आपली वाडी स्वतंत्र महसुली गाव आहे की मोठ्या गावाचा भाग, हे तलाठी कार्यालयातून खात्री करून घ्यावे. गट ग्रामपंचायतीतल्या वेगळ्या महसुली गावाचा दावा या तरतुदीत सरळ बसतो. गावाचाच भाग असलेल्या वाडीने मात्र घरोघरच्या मागणीवर अधिक भर द्यावा.

मागणीची यादी

केबल टाकणारा, मग तो बीएसएनएलचा स्थानिक भागीदार असो, भारतनेटचा उद्यमी, म्हणजे त्या जाळ्यावरून घरोघरी जोडणी देणारा स्थानिक व्यावसायिक असो किंवा तालुक्यातला केबलवाला असो, एकच हिशोब करतो: किती मीटर केबल, किती खांब, आणि दरमहा पैसे देणारी घरे किती. हा हिशोब आपणच करून त्याच्या हातात दिला, तर निम्मे बोलणे तिथेच संपते. म्हणून प्रत्येक घरी जाऊन घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि दरमहा किती रक्कम परवडेल हे लिहून सही घ्यावी. आमच्या यादीत आम्ही दोन रकाने केले: बारा महिने पैसे देणारी घरे, आणि गणपती, शिमगा व मे महिन्यापुरती उघडणारी घरे. दुसऱ्या रकान्यातल्या चाकरमान्यांना मुंबईला फोन करून विचारले, तेव्हा घरून काम करता येणार असेल तर पूर्ण वर्षाचे पैसे द्यायला त्यांच्यातले काही जण तयार झाले. यादीत फुगवलेली संख्या देऊ नये. तीस घरांचे सांगून बारा घरांनी जोडणी घेतली, तर तो माणूस दुरुस्तीला यायचे थांबवतो आणि मग पुन्हा कोणीच येत नाही.

यादीसोबत हाताने काढलेला नकाशा द्यावा. अंतर रस्त्याने मोजावे, कारण केबल रस्त्यानेच येते. मोटारसायकलचे मीटर त्यासाठी पुरते. वाटेतले विजेचे खांब, साकव, मोठी झाडे आणि बागांचे गडगे नकाशात दाखवावेत.

‘तुमची वाडी फार लांब आहे’ हे उत्तर हमखास मिळते. त्याला कसे तोंड द्यावे हे समजण्यासाठी थोडे तंत्र माहीत असलेले बरे. घरगुती फायबरसाठी जीपॉन नावाची पद्धत वापरतात. तिच्यात एकाच काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश स्प्लिटर नावाच्या डबीत वाटला जातो आणि ती साधारण २० किलोमीटरपर्यंत चालते. नेहमीच्या उपकरणांमध्ये वाटेत सुमारे २८ डेसिबलपर्यंत (डेसिबल हे प्रकाशातली घट मोजण्याचे एकक) प्रकाश कमी झालेला चालतो. बत्तीस घरांत वाटणी करणारा स्प्लिटर त्यातले सुमारे १७ डेसिबल घेतो, आणि केबल मात्र एका किलोमीटरला जेमतेम ०.३५ डेसिबल. म्हणजे दहा किलोमीटरला साडेतीन. जोडांचे दोन-तीन डेसिबल धरले, तरी बत्तीस घरांची वाडी या हिशोबात आरामात बसते. अंतराची अडचण बहुतेक वेळा खर्चाची असते. ती तशी उघड बोलली गेली, की तिच्यावर उपाय शोधता येतो: खांब वाडीने पुरवणे, खड्डे श्रमदानातून खणणे किंवा सुरुवातीच्या काही महिन्यांचे पैसे आगाऊ देणे.

मार्ग आणि ठराव

मार्गाचा प्रश्न केबल येण्याच्या आधी सोडवावा. काम अडते ते बहुधा इथेच. प्रथम ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या प्रचलित तारखा आहेत. विषयपत्रिकेत विषय यावा म्हणून अर्ज काही दिवस आधी देऊन पोच घ्यावी. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, तेव्हा वाडीतून माणसे नेण्याची जबाबदारी आपलीच समजावी. ठरावात केबलचा मार्ग, ग्रामपंचायतीच्या रस्त्याकडेने खांब उभे करण्यास संमती आणि कार्यालयातील उपकरणाला चोवीस तास वीज देण्याची हमी, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात.

रस्ता कोणाचा, हेही पाहावे लागते. तो ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो आणि त्यानुसार परवानगी देणारे कार्यालय बदलते. सार्वजनिक जागेतून केबल नेण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचाराचे मार्गाधिकार नियम, २०२४ लागू आहेत आणि त्यांनुसार अर्ज सेवा देणाऱ्याने करायचा असतो. आपण त्याला रस्त्याची माहिती आणि ठरावाची प्रत द्यावी. महावितरणच्या खांबांना परवानगीवाचून केबल बांधू देऊ नये. दुरुस्तीला आलेला वायरमन ती केव्हाही उतरवू शकतो, आणि वीजवाहिनीजवळची बेकायदा केबल माणसांच्या जिवालाही धोक्याची असते. खाजगी बागेतून मार्ग जात असेल, तर मालकाची संमती साध्या कागदावर का होईना, लेखी घ्यावी. आमच्याकडे एका भाऊंनी तोंडी होकार दिला होता, पण काजूच्या हंगामात मजुरांनी वाट साफ करताना केबलच तोडली, आणि मग कोणी काय कबूल केले होते यावर दोन महिने गेले.

केबल जमिनीखालून न्यावी की वरून, यावर माझे मत अनुभवातून बनले आहे. जिथे वीतभर मातीखाली कातळ लागतो, तिथे खोदाईसाठी अडून बसू नये. स्वतंत्र खांबांवरून, नारळाच्या झाडांपासून दूर आणि ट्रक जाईल इतक्या उंचीवरून नेलेली केबल पावसाळ्यात टिकते. झावळी पडून ती तुटली, तरी तुटलेली जागा लगेच दिसते.

कागद कुठे द्यावेत

यादी, नकाशा, ठराव आणि दिव्यांचा फोटो अशी एकच फाइल करून तिच्या प्रती तालुक्याच्या बीएसएनएल कार्यालयात, गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि किमान दोन स्थानिक केबलचालकांकडे द्याव्यात. प्रत्येक सरकारी ठिकाणी आवक क्रमांक घ्यावा. बीएसएनएलकडे घरागणिक ऑनलाइन नोंदणीही करावी, कारण एकाच परिसरातल्या अनेक नोंदी त्यांच्या यादीत वेगळ्या उठून दिसतात.

दोन महिने उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये आहे आणि माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. राज्याच्या कार्यालयांसाठी अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो व त्यावर कोर्ट फी स्टॅम्प चालतो. केंद्राच्या कार्यालयासाठी पोस्टल ऑर्डर जोडावी. ‘काम कधी होणार’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर कोणत्याच नोंदवहीत नसते. उपकरण ग्रामपंचायतीकडे कोणत्या तारखेला सोपवले, गेल्या सहा महिन्यांत ते किती दिवस चालू होते आणि बिघाडाच्या किती नोंदी झाल्या, असे नोंदींतून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. मुदतीत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

तोवर काय करावे

वाट पाहण्याच्या काळात सर्वांत जवळच्या टॉवरची दिशा शोधून सिम घालायचा राउटर बाहेरच्या अँटेनासह कौलांच्या वर बसवला, तर पुष्कळ फरक पडतो. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या छपरावरून वाडी थेट दिसत असेल, तर बिनतारी जोडणीचे दोन रेडिओ समोरासमोर लावून तिथली जोडणी वाडीत आणता येते. अनेक केबलचालक हे काम करतात. यातले काहीही वर्षभराचे आगाऊ पैसे भरून घेऊ नये.

जोडणीच्या दिवशी आणि नंतर

आमच्या पडवीत जोड करायला आलेल्या मुलाने मांडीवर छोटे यंत्र घेतले, केबल सोलून केसाएवढा तंतू बाहेर काढला, अल्कोहोलच्या कापसाने पुसला आणि यंत्राच्या पडद्यावर दोन टोके समोरासमोर आणली. ठिणगी उडाली आणि दोन्ही टोके एक झाली. तो तंतू १२५ मायक्रॉन जाड असतो आणि प्रकाश त्याच्या आतल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. म्हणूनच वाऱ्यात, धुळीत किंवा घाईत केलेला जोड पुढे त्रास देतो. त्या मुलाला घाई करायला लावू नये, आणि निघण्यापूर्वी प्रकाशाचे मोजमाप करून आकडा सांगायला सांगावे. उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) या मर्यादेत उपकरण चालते, पण उणे २५ च्या खाली गेलेली जोडणी पहिल्या पावसातच कुरकुर करू लागते. तो आकडा तारखेसह उपकरणाच्या मागे चिकटवून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यावर दोष कुठे आहे हे त्यावरून कळते. केबलचे एक-दोन वेढे घराबाहेर शिल्लक ठेवावेत आणि खिळ्याभोवती ती करकचून वळवू नये.

वळवाच्या विजांपासून काचेच्या तंतूला भय नसते, पण त्याच्यासोबत येणाऱ्या आधाराच्या लोखंडी तारेला आणि अडॅप्टरला असते. तारेचे टोक घराबाहेरच संपवायला सांगावे आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा. वीज वारंवार जात असेल, तर बारा व्होल्टचा छोटा यूपीएस उपकरणाला लावून घ्यावा.

बिघाड झाल्यावर तोंडी निरोपावर थांबू नये. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास सेवा देणाऱ्या कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

आणि जेसीबीचे काय करावे, हेही ठरवून ठेवावे. मार्च २०२३ मध्ये खोदाईपूर्वी सूचना देण्यासाठी केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप आणले. पण गावातल्या पायवाटेच्या कामाला येणारा जेसीबीचालक ते उघडून पाहील यावर विसंबू नये. आम्ही केबल जिथे रस्ता ओलांडते तिथे पिवळा रंग दिलेले चिरे पुरले आहेत, आसपासच्या जेसीबीचालकांचे क्रमांक ग्रामपंचायतीत लावले आहेत, आणि वर्गणीतून घेतलेले दोनशे मीटर केबलचे भेंडोळे देवळाच्या माळ्यावर ठेवले आहे. केबल तुटलीच, तर दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला तालुक्याहून केबल येण्याची वाट पाहावी लागत नाही.