खाऱ्या वाऱ्यातलं रिगिंग: बॅकस्टेजला नव्याने येणाऱ्यांसाठी

रिगिंग म्हणजे रंगमंचाच्या वर पाइप, दिवे वगैरे वायरीने टांगणं. ‘ही वायर किती किलो घेईल?’ हा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. त्याआधी टांगायचं किती आहे ते कागदावर मांडा. ४० एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा), मध्यम जाडीचा ६ मीटर पाइप साधारण २२ किलोचा. त्यावर पाइपाला धरायच्या क्लॅम्पसकट ४ किलोचे आठ पारकॅन (डब्यासारखे स्टेजचे दिवे), म्हणजे ३२. केबल ६. एकूण ६० किलो. दोन टोकांना टांगलात तर ३०-३०. मध्ये तिसरी वायर दिली म्हणून २०-२० होत नाहीत. वजन सारखं पसरलेलं असेल तर मधल्या वायरवरच साधारण ३७ किलो येतात.

एकाच हुकातून दोन वायरी काढून पाइप उचलत असाल तर कोन बघा. वायर पाइपाशी ६०° करत असेल तर प्रत्येकीवर ३५ किलो ताण. छत बुटकं म्हणून कोन ३०° वर आणलात की प्रत्येकीवर पूर्ण ६०.

सगळ्यात जास्त चुका यू-क्लॅम्पात, म्हणजे वायरचं दुमडलेलं टोक आवळून धरणाऱ्या क्लॅम्पात होतात. थिंबलवरून (वाकात बसवायच्या धातूच्या कडीवरून) वळवलेली वायर परत आली की दोन दोर शेजारी येतात: वजन घेणारा लांब दोर आणि कापलेलं शेपूट. क्लॅम्पचा खाचांचा भाग लांब दोरावर बसला पाहिजे, ‘यू’चा वाक शेपटावर. उलटं बसवलं तर तो वाक वजन घेणाऱ्या दोरालाच चिरडतो. ६ एमएम वायरला तीन क्लॅम्प, दोघांत ३६ एमएम अंतर. पहिलं वजन आलं की नट पुन्हा आवळायचे, कारण ताणाखाली दोर बारीक होतो.

किनाऱ्यावर खरा शत्रू गंज. जी.आय. (जस्त चढवलेली) वायर वरून चकचकीत आणि आत लाल भुकटी, असं सर्रास दिसतं. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या प्रयोगाआधी सगळी वायर खाली उतरवा आणि तिच्यावरून सुती फडकं फिरवा. तुटलेली तार धागा पकडते. उघडा हात फिरवलात तर बोट फाटेल. व्यास मूळ मापापेक्षा १० टक्के कमी भरला तर वायर बाद. प्लास्टिक चढवलेली वायर आम्ही वापरतच नाही. आत पाणी साचतं आणि गंज दिसत नाही. शॅकलची (वायर अडकवायच्या यू आकाराच्या कडीची) पिन हरवली तर तिच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घालू नका.

गंजू नये म्हणून पाइप वर ओढायच्या चेनपुलीवर सढळ हाताने तेल ओतायची सवय इथे फार. साखळीला तेल लावा, पण ते ब्रेकच्या चकत्यांवर गेलं की भार हळूहळू घसरतो. पाइप हव्या त्या उंचीवर गेला की वजन कायमच्या वायरवर घ्या, पुलीवर सोडू नका. प्रत्येक दिव्याला क्लॅम्प सुटला तरी तो पडू नये म्हणून वेगळी सेफ्टी वायर हवी, नायलॉनची दोरी नाही. पारकॅन तापला की ती वितळते.

राहिला ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचा प्रवेश. दशावतारात देव आकाशातून उतरला की टाळ्या पडतात, आणि मंडळी मालाच्या चेनपुलीला माणूस बांधायला निघतात. त्याला सरळ नकार द्या. माणसासाठी वेगळी यंत्रणा, अंगभर हार्नेस, दोन स्वतंत्र दोर आणि भाराच्या दहापट ताकद लागते. जत्रेच्या मांडवातल्या पोफळीच्या वाशाला यातलं काहीच पेलणार नाही. तिथे देव विंगेतूनच येऊ दे.