‘माज’ कुठे म्हणायचं, कुठे नाही? या चुका टाळा

कोणी नवा फोन चारदा खिशातून काढून दाखवला की लोकं लगेच "माज आलाय याला" म्हणून मोकळे होतात, पण तो माज नाही हो, ती शायनिंग झाली, फार तर शेखी. माज म्हणजे पैसा, पद, ताकद असलं काहीतरी डोक्यात गेलेलं असतं आणि माणूस कोणालाच जुमानत नाही. मूळ वापर बघा ना, गाय माजावर येते, हत्तीला माज येतो, शेतात तण माजतं, सगळीकडे आवरेनासं होणं हाच भाव आहे. त्यामुळे नुसता तोंडाने मोठेपणा सांगणाऱ्याला माजोरडा म्हणू नका, तो फुशारकी मारतोय. फुशारकी मारणाऱ्याला समोरच्याची वाहवा हवी असते, माजलेल्याला समोरचा काय म्हणतो याची फिकीरच नसते, फरक तिथे आहे.

दुसरा घोळ क्रियापदांचा. माज येतो, चढतो, लोक तो करतात, दाखवतात आणि मग कोणीतरी तो उतरवतं. पण माज ‘मारत’ नाहीत, मारायची ती फुशारकी नाहीतर बढाई. शेखी, तोरा, टेंभा हे मिरवायचे. (टेंभा म्हणजे मशाल, मिरवण्याचीच वस्तू ती!) आणि तो माज, तो तोरा, पण ती मिजास, ती गुर्मी, ती घमेंड. ‘घमंड’ हिंदीत, आपल्याकडे घमेंड.

हिंदीमुळेच अजून एक सुरू झालंय, "मला तुझा गर्व आहे". कानाला फार खटकतं. आपल्याकडे गर्वाचं घर खाली असतं, कौतुकाने बोलायचं तर अभिमान म्हणा.

"मराठी असल्याचा माज आहे" असं मात्र लोक मुद्दाम, अभिमानाच्या पुढची पायरी म्हणून म्हणतात, दोस्तांत चालतंच, भाषणात किंवा अर्जात नको. तसंच तक्रार लिहिताना "कर्मचाऱ्याला माज आहे" लिहिलं तर तुमचीच भाषा वाईट दिसते, तिथे ‘उद्धटपणे बोलले’ लिहा आणि नेमकं काय बोलले तेही लिहा. वयाने मोठ्या माणसाला तर तोंडावर "तुम्हाला माज आलाय" म्हणजे सरळ भांडणच.

टायपिंगचं पण बघा जरा, घाईत ‘माझं’चं ‘माज’ होतं आणि "माज घर बघायला या" असं आमंत्रण जातं. माजघर हा वेगळाच शब्द, घराची मधली खोली, त्याचा उर्मटपणाशी काही संबंध नाही. आणि गर्विष्ठमध्ये ष्ठ, ‘गर्विष्ट’ नाही.