पहिल्यांदाच खो-खोचे फोटो काढताना

क्रिकेटचे फोटो काढून हात बसलेला असला, तरी खो-खोच्या मैदानावर सुरुवातीला बहुतेकांना पाठमोरे खेळाडूच मिळतात. इथे चेंडू नाही, त्यामुळे नजर कशाच्या मागे ठेवायची हेच उमगत नाही. ते नियमांवरून कळतं.

१. पहिली नऊ मिनिटं कॅमेरा गळ्यातच राहू द्या

एवढ्या वेळाची एक पाळी असते. मैदान २७ बाय १६ मीटर, दोन्ही टोकांना खांब. दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, म्हणजे मध्यपाटीवर, पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने उतरतात आणि बसलेल्यांमधून हवे तसे वळतात. पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलट फिरता येत नाही. म्हणजे तो कुठे जाणार हे तुम्हाला आधीच ठाऊक! फोकस त्याच्यावर धरा. पळणारा आपसूक चौकटीत येतो.

घरी बसून तयारी करायची तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकाचे व्हिडिओ बघा. तिथे भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. खेळाडू सूर मारण्याआधी अंग कसं झुकवतात, ते व्हिडिओ थांबवून थांबवून पाहा.

२. खांबाच्या टोकाला बसा

अगदी सरळ रेषेत नको, जरा बाजूला. नाहीतर खांबच चेहरा झाकतो. पळणारा खांबाला वळसा घालतो, पाठलाग करणारा एका हाताने खांब धरून दुसरा हात लांबवतो, आणि तुम्हाला हवा असतो तो क्षण हाच. बसूनच काढा, उभं राहिलात तर नुसती डोकी दिसतात. पण खेळाडू वेगात हद्दीबाहेर येतात, तेव्हा पंचांना विचारून पुरेसं अंतर ठेवा.

३. सेटिंग

शटर १/१००० किंवा त्याहून जलद, सलग फोकस, बर्स्ट (एका दाबात भराभर अनेक फोटो) चालू. ७०-२०० लेन्स पुरते. संध्याकाळी दिव्यांखाली आयएसओ बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. फ्लॅश अजिबात नको.

४. मग बाजूला या

आठांपैकी चौघांची तोंडं तुमच्याकडे असतात. त्यातल्या एकावर फोकस धरून थांबा. खो मागून मिळतो, त्यामुळे उठणाऱ्याचा चेहरा आणि त्याच्या खांद्यामागे खो देणाऱ्याचा, असे दोन्ही एकाच फोटोत येतात. मला खांबावरच्या सुरापेक्षा हाच फोटो जास्त आवडतो. यात मोबाइलवालेही मागे पडत नाहीत, कारण बसलेला खेळाडू खो मिळेपर्यंत जागचा हलत नाही.

मातीच्या मैदानावर लेन्स बदलू नका. धूळ बसलीच तर आधी ब्लोअरने उडवा, कापड नंतर.