बागेत पक्षी बघायला निघालात? या चुका टाळा

होळी झाली की पुण्यातल्या बागांमध्ये गळ्यात दुर्बीण किंवा कॅमेरा अडकवलेली नवी मंडळी दिसायला लागतात. मला त्यांना बघून मनापासून आनंद होतो. एम्प्रेस गार्डन असो, संभाजी बाग असो किंवा तुमच्या वॉर्डातली छोटी बाग, पक्षी बघायला सुरुवात करायला फाल्गुन-चैत्रासारखा काळ नाही. पांगारा, काटेसावर, पळस फुललेले असतात. बऱ्याच झाडांची पानं गळलेली असल्याने फांद्या मोकळ्या असतात. नर रंगात आलेले असतात आणि गात असतात. थंडीतले पाहुणेही सगळे परतलेले नसतात.

पण दरवर्षी त्याच चुका बघून आता त्या एकदा लिहून काढायच्या ठरवल्या. काही चुकांनी फक्त तुमची सकाळ वाया जाते. काहींनी पक्ष्यांचा विणीचा अख्खा हंगाम वाया जातो, आणि त्यांच्याबद्दल मी इथे जास्त बोलणार आहे.

उशिरा पोहोचणं

मार्चच्या मध्यावर पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. एप्रिलच्या मध्यावर सव्वासहा वाजून गेले की उजेड आलाच. त्याच्या आधी पंधरा-वीस मिनिटं जागेवर असा. दयाळ उजाडायच्या आधीपासून उंच शेंड्यावर बसून गात असतो, तो ऐकायचा तर हीच वेळ. नऊ-साडेनऊला ऊन तापलं की तांबटाची टुकटुक तेवढी चालू राहते आणि बाकीची बाग गप्प होते. नाश्ता करून, मित्रांना गोळा करून साडेआठला येणारे लोक मग विचारतात, 'इथे पक्षी आहेत कुठे?' बाग उशिरा उघडत असेल तर कुंपणाबाहेरच्या वड-पिंपळांपासून सुरुवात करा. फाटक उघडेपर्यंत थांबून राहायचं कारण नाही.

भरभर चालत राहणं

ही नवख्यांची सगळ्यात मोठी सवय. बागेला फेऱ्या मारायच्या, पावलं मोजायची आणि जाता जाता पक्षी दिसतील ते बघायचे. तुम्ही चालत असता तेव्हा पक्षी तुम्हाला बघत असतात आणि तुमच्या पुढे पुढे सरकत असतात.

माझी पद्धत सरळ आहे. फुललेलं एक झाड निवडायचं, सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला बसायचं आणि पाऊण तास तिथून हलायचं नाही. काटेसावर असेल तर आधी बुलबुल आणि साळुंक्या येतात. मग कलकलाट करत पळसमैनांचा थवा उतरतो. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. या महिन्यात त्या परतीच्या वाटेवर असतात, मध्य आशियाकडे निघायच्या आधीची ही त्यांची खादाडी. त्यांची भांडणं चालू असताना मधल्या फटीतून जांभळा शिंजीर घुसतो, चोच फुलात खुपसतो आणि पळतो. कोतवाल येतो तो फक्त मधासाठी नाही, फुलांवर आलेल्या किड्यांसाठीही येतो. दुर्बिणीतून नीट बघितलंत तर बुलबुलाच्या कपाळावर पिवळी परागाची पूड लागलेली दिसते. हे चालत चालत कधीच दिसणार नाही.

दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, ही तक्रार

दहापैकी आठ वेळा दुर्बीण बिघडलेली नसते, लावलेली नसते. आधी उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने एखाद्या झाडाच्या सालीवर मधलं चाक फिरवून स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि उजव्या भिंगापाशी असलेली कडी फिरवून तीच साल स्पष्ट करा. हे एकदाच करायचं, कडीची जागा लक्षात ठेवायची. पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यापाशी असलेली रबरी कडी आत दाबा किंवा दुमडा, नाहीतर दोन काळी भोकंच दिसतील.

पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावर खिळलेली ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आठवडाभर घरच्या खिडकीतून कावळ्यांवर सराव केलात तर हात बसतो.

विकत घेताना '२० पट मोठं दिसतं' म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. जितकी पट जास्त तितका हाताचा थरथराट जास्त आणि दिसणारा भाग कमी. ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्या आणि निश्चिंत व्हा.

सूर्याच्या तोंडावर बघणं

सूर्य समोर असला की कोकीळ, कोतवाल आणि शिंजीर तिघेही नुसते काळे. झाडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जा, शिंजीराचा निळा-जांभळा झळाळ लगेच दिसेल.

फोनवर आवाज वाजवणं, आणि फोनवरच विसंबणं

या एका सवयीची मला खरोखर चीड येते. सुभग दिसत नाही, मग काढा फोन आणि वाजवा सुभगाची शीळ. पक्षी येतो, फोटो निघतो, सगळे खूश.

तो का आला ते समजून घ्या. वसंतात नराने बागेचा एक तुकडा आपला ठरवलेला असतो. रोज गाऊन तो इतर नरांना हद्द सांगत असतो. तुमच्या फोनमधून आलेला आवाज म्हणजे त्याच्या हद्दीत घुसलेला परका नर. दयाळाच्या बाबतीत हे अगदी जवळून दिसतं. तो खालच्या फांदीवर येतो, शेपटी उभी करतो, छाती फुगवतो, 'चर्र चर्र' करत झुडपाभोवती घिरट्या घालतो. प्रतिस्पर्धी सापडत नाही, आवाज मात्र थांबत नाही. हा वेळ त्याने मादीबरोबर राहायला, घरट्याची जागा बघायला, किडे शोधायला वापरला असता. एक गट गेला की दुसरा येतो, तोही तेच वाजवतो. शहरातल्या बागेत रविवारी हे सकाळभर चालतं.

म्हणून माझा नियम: मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत आवाज वाजवायचा नाही. कोणासाठीच नाही, लहान मुलांना दाखवण्यासाठीही नाही. सुभग बघायचा असेल तर त्याची शीळ ऐका, झाड नक्की करा आणि थांबा. तो पानाआडून बाहेर येतोच.

दुसरी गोष्ट, आवाजावरून पक्षी ओळखणारी अ‍ॅप. ती वापरायला माझी हरकत नाही, पण अ‍ॅपने नाव सांगितलं म्हणजे पक्षी दिसला असं होत नाही. एकदा काही कॉलेजच्या मुलांबरोबर बागेत होतो. त्यांच्या फोनवर शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी आला. सगळ्यांच्या माना आभाळाकडे. शिक्रा कुठेच नव्हता. मी त्यांना शिरीषाच्या शेंड्याकडे बघायला सांगितलं. तिथे दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसला होता आणि हुबेहूब शिक्र्याचा आवाज काढत होता. खाली हिरवळीवर माळ्याने नुकतंच पाणी सोडलेलं, साळुंक्या ओल्या मातीतून अळ्या उपसत होत्या. शिक्र्याचा आवाज आला तशा त्या भर्रकन उडाल्या. कोतवाल खाली आला, टाकून दिलेली अळी उचलली आणि पुन्हा शेंड्यावर जाऊन बसला. कोतवालाची ही युक्ती पक्षी-अभ्यासकांना चांगली माहीत आहे. त्या मुलांनी मात्र यादीत 'शिक्रा' टाकून पुढची वाट धरली असती. यादी एका नावाने वाढली असती आणि त्या सकाळचं सगळ्यात सुंदर दृश्य हातचं गेलं असतं.

आधी कानाने ऐका, डोळ्याने शोधा, स्वतः अंदाज बांधा. मग फोन काढा.

घरट्याजवळ जाणं

आता सगळ्यात गंभीर चूक. हिच्याबद्दल कितीही लिहिलं तरी मला कमीच वाटतं.

राखी धनेश, मोठ्या बाकदार चोचीचा करडा पक्षी, पुणेकरांना नवा नाही. जुनी, ढोल्या असलेली झाडं आणि वड-उंबर जिथे टिकलेत तिथे तो भर शहरात दिसतो. त्याची वीण विलक्षण आहे. मादी ढोलीत शिरते आणि नराने आणलेली माती आणि स्वतःची विष्ठा यांनी तोंड लिंपून आतून बंद करून घेते. एक उभी फट तेवढी राहते. आत असताना तिची उडायची पिसं गळतात आणि नवी येतात, म्हणजे त्या काळात तिला उडता येत नाही. कित्येक आठवडे तिचं आणि नंतर पिल्लांचं पोट एकट्या नराच्या फेऱ्यांवर चालतं.

एका एप्रिलमध्ये शहरातल्या एका जुन्या बागेत अशी ढोली होती. कोणीतरी फोटो काढला आणि झाडाच्या जागेसकट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. पुढच्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा झाडाखाली ट्रायपॉडांचं अर्धवर्तुळ तयार झालं होतं. फ्रेममध्ये येते म्हणून कोणी एक डहाळी मोडली होती. मादीने चोच बाहेर काढावी म्हणून एक जण टाळ्या वाजवत होता. आणि नर लांब निलगिरीवर बसून होता, गळा उंबरांनी फुगलेला. निम्म्या वाटेपर्यंत यायचा, खालची गर्दी बघून वळायचा, पुन्हा निलगिरीवर. घारीसारखी ती किंचाळी सारखी चालू. मी आलो तेव्हापासून तासभर त्याची एकही फेरी पुरी झाली नाही.

मी एकेकाशी जाऊन बोललो. काही जण समजूतदार होते, लगेच मागे झाले. काहींनी 'बाग सगळ्यांची आहे' असं सुनावलं. शेवटी बागेतले माळीकाका मदतीला आले. त्यांनी सुतळीचा गुंडा आणला, बऱ्याच मागच्या दोन झाडांना सुतळी बांधली आणि सगळ्यांना तिच्या पलीकडे नेलं. दहा मिनिटांत नर आला. खोडाला चिकटून बसला, मान हलवली आणि घशातून एक उंबर वर आणून चोचीच्या टोकावर धरलं. फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि उंबर आत गेलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक वेळी तीच मानेची हालचाल. सुतळीपलीकडच्या लोकांना चांगले फोटोही मिळाले, कारण पक्षी आता बिचकलेला नव्हता.

ती ढोली वाचली. शिंपी पक्ष्याचं घरटं एवढं नशीबवान नसतं. कोष्ट्याच्या जाळ्याने आणि कापसाने टाचलेली ती पानं फोटोसाठी कोणी जरा बाजूला केली की कावळ्याला आतलं दिसतं, आणि कावळा ती जागा विसरत नाही. शिंजीराच्या लोंबत्या घरट्याचंही तेच, ते तर बऱ्याचदा हाताच्या उंचीवर असतं.

पक्षी स्वतःच सांगतो की तुम्ही फार जवळ आला आहात. चोचीत खाऊ घेऊन तो घरट्यात न शिरता इकडे-तिकडे बसत असेल, सारखा ओरडत असेल, निम्म्यातून परतत असेल, तर ताबडतोब निघा. 'एकच फोटो' म्हणून थांबू नका. मी स्वतः घरटं दिसलं तर लांबून काही मिनिटं बघतो आणि वाट बदलतो. पिल्लं उडून जाईपर्यंत जागा कोणाला सांगत नाही, जवळच्या मित्रांनाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत घातलं आहे, तेही ज्यांना विनंती समजत नाही त्यांना सांगून ठेवा.

आणखी काही, थोडक्यात

मादीला वेगळी जात समजणं. दयाळाची मादी करडी, शिंजीराची वरून हिरवट-खाकी आणि खालून पिवळसर, कोकिळेच्या अंगावर पांढरे ठिपके. जोडीदार जवळपास आहे का ते आधी बघा.

'साळुंकी काय बघायची' असं म्हणणं. साळुंकी, बुलबुल आणि कावळा यांचा आकार डोळ्यात बसला नसेल तर अनोळखी पक्षी केवढा आहे हे सांगणार कसं?

हात लांब करून 'तो बघ, तो बघ' ओरडणं. झाडाला घड्याळ माना, 'दोन वाजता, खोडापासून जरा लांब' असं हळू सांगा.

वाळलेली फांदी तोडायला लावणं. तांबट अशाच फांदीत भोक पाडून घर करतो. बागवाल्यांना भेटून, कोणाच्या डोक्यावर पडायची भीती नसेल तर ती पावसाळ्यापर्यंत ठेवायला सांगा. बरेच जण ऐकतात.

जमिनीवरचं पिल्लू उचलून घरी नेणं. अंगभर पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच आहेत. कुत्र्या-मांजराचा धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा गैरसमज आहे. जखमी असेल किंवा अंगावर पिसंच नसतील आणि घरटं सापडत नसेल, तरच पक्षी वाचवणाऱ्या जाणकारांना फोन करा. तोवर त्याला दूध-पोळी भरवू नका, पाणीही चोचीत ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा.