पाणी चढायच्या आधी, खालच्या मजल्यासाठी

मे संपत आला की बडोद्यातल्या आमच्या समा भागातल्या बिल्डिंगमध्ये लोक छत्र्या शोधायला लागतात. मी वही काढते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा शेजारधर्म म्हणून जे जे सुचलं ते सगळं मी केलं आणि एक गोष्ट विसरले. त्या एका गोष्टीपायी तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगा टोरांटोत तीन दिवस जेवला नव्हता. म्हणून ही यादी. पूर आपल्याला थांबवता येत नाही, पण खालच्या मजल्याची निम्मी फरफट वाचवता येते. खर्च? माझा तीनशेच्या आत आटोपला, त्यातला मोठा वाटा माठाचा.

पहिलं काम जूनमध्येच करायचं आणि ते म्हणजे नंबर. प्रत्येक शेजाऱ्याच्या जवळच्या माणसाचा फोन नंबर, कागदावर. मोबाइलमध्ये नाही, कागदावर. माझ्या मोबाइलमध्ये काकूंच्या मुलाचा नंबर होता ना! ‘काकू खालच्या मुलगा’ अशा नावाने नीट सेव्ह केलेला. 27 तारखेच्या दुपारी मोबाइलने मान टाकली आणि नंबरही त्याच्याबरोबर गेला. काकूंचा फोन तर त्याआधीच पाण्यात पडला होता. 28 ला बोटीतून दुधाच्या पिशव्या वाटत एक मुलगा आला. त्याच्या फोनला चार्जिंग होतं. त्याने आपणहून फोन पुढे केला, “नंबर बोलो, बा.” काकूंनी डोळे मिटले आणि घडाघडा एक नंबर सांगितला. तो त्यांच्या दांडिया बाजारच्या वाड्यातल्या जुन्या लँडलाइनचा होता. वाडा विकून कैक वर्षं झाली. आम्ही सगळे खिडकीत उभे, पाच-सहा शिकली-सवरलेली माणसं, आणि कुणालाही तो एक नंबर येत नव्हता. बोट पुढे गेली.

तेव्हा: कागद. बॉलपेनने लिहा, जेलपेनची शाई एका थेंबात पसरते. मुलांच्या शाळेच्या ओळखपत्राचं प्लॅस्टिकचं पाकीट असतं, त्यात बरोबर मावतो. तोंडावर चिकटपट्टी. माझा कागद कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे, दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या बेनकडे आणि तिसरा काकूंच्या स्वतःच्या पर्समध्ये. नंबर परदेशातला असेल तर पुढचा देशाचा आकडाही लिहा. आणि नुसता परदेशातला लिहून भागत नाही. बोटीतल्या मुलाच्या फोनवरून परदेशी फोन लागेलच असं नाही. म्हणून माणशी दोन नंबर: एक मुलाचा किंवा मुलीचा, दुसरा याच शहरातल्या पण नदीच्या दुसऱ्या बाजूच्या नातेवाइकाचा. पूल बंद झाले की बडोद्याची दोन गावं होतात, हे एकदा भोगलेल्याला समजवावं लागत नाही.

मागायचा कसा, हा खरा अवघड भाग. काकूंना मी सरळ विचारलं तर म्हणाल्या, “अगं, अजून मृगसुद्धा लागला नाही आणि अभद्र काय बोलतेस!” मग मी लिंबाच्या लोणच्याची वाटी घेऊन गेले, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता विचारलं. गुजराती बेनना एवढी मखलाशी लागली नाही. “लखी लो ने” म्हणून त्यांनी तिघांचे नंबर दिले, शिवाय आपल्या डॉक्टरचा. लिहिलेला नंबर एकदा लावून बघा. मी यंदा सकाळी दहाला काकूंच्या मुलाला लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत उचलला त्याने. “आईला काय झालं?” काही झालं नव्हतं हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. लावा, पण संध्याकाळी सातला लावा.

हा कागद दरवर्षी नवा करायचा. लोक नंबर बदलतात, मुली लग्न होऊन जातात.

जूनमधली बाकीची कामं पटापट. टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी: कुणी सांगायला नको. क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतात, एक पट्टी शेजाऱ्यांसाठी जादा. रिकामी पोती आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवा. शेजारी कोण कोण रोजच्या गोळ्यांवर आहे ते त्याच वहीत लिहा. नाव वाचता येत नसेल तर रिकामी स्ट्रिप मागून पानाला टाचा. आणि एक छोटा माठ. तो कशाला, ते पुढे.

आता पाण्याचा इशारा आल्यावरचं. पहिली सूचना: पाऊस थांबला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. मागच्या वेळी आमच्या अख्ख्या बिल्डिंगने हीच चूक केली. विश्वामित्री पावागडकडून येते. सयाजीरावांनी शहराची तहान भागवायला बांधलेलं आजवा सरोवर आणि प्रतापपुरा तलाव वर भरले की ते पाणी कधी ना कधी खाली येणारच, मग इथे ऊन का पडेना. आणि खालच्या अंगाला नदी आधी ढाढर नदीला मिळते, मग खंभातच्या आखाताला, त्यामुळे आलेलं पाणी चटकन निघूनही जात नाही. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस कोसळला होता, तेव्हा निदान आभाळ बघून कळत तरी होतं. 2024 ला जन्माष्टमीचा पाऊस ओसरला, आम्ही भजी तळली आणि रात्रीतून पाणी कंपाउंडमध्ये.

तर इशारा आला की तळमजल्यावर जा आणि आधी बाथरूम बघा. पाणी दारातून येईल म्हणून सगळे उंबऱ्याशी पोती रचतात. ते येतं कमोडमधून आणि मोरीच्या जाळीतून. गटार उलटं फिरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेती भरून, तोंड बांधून एक पिशवी कमोडमध्ये आणि एक जाळीवर. रेती नसेल तर पाणी भरलेली पिशवीही काही वेळ तग धरते. एवढ्याने पूर अडत नाही, पण घाण तरी कमी येते, आणि पाणी ओसरल्यावर काकूंना कळतं की ही पोर उगीच आली नव्हती.

मग सामान वर न्यायचं. इथे माझी दुसरी चूक. मी आणि माझ्या मुलाने फार मर्दुमकीने काकूंचा टीव्ही वर आणला. काकू मागून म्हणत होत्या, “अगं, खाटेखाली बघ, खाटेखाली,” आणि आम्ही म्हणत होतो, “हो काकू, आणतो, आधी हे जड.” खाटेखाली पत्र्याच्या ट्रंकेत गौरीचे मुखवटे होते, सासूबाईंच्या सासूबाईंचे. गणपती अकरा-बारा दिवसांवर आलेले. पितळी होते म्हणून वाचले, पण ट्रंक उघडली तेव्हा दोघींच्या डोळ्यांत चिखल भरलेला होता. काकू साडीच्या पदराने तो पुसत बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. टीव्ही पुढे दोन महिन्यांनी आपोआपच बिघडला. आधी विचारा, “काय वर नेऊ?” जे सांगतील ते न्या, तुम्हाला ते फालतू वाटलं तरी. त्यानंतर कागदपत्रं, औषधं, गॅस सिलिंडर (तो पाण्यावर तरंगत घरभर फिरतो, मी पाहिलाय). लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. वरची टाकी भरून घ्या आणि मग पंप बंद करा. पाणी मीटरपर्यंत यायच्या आधी मेन स्विच बंद.

आणि त्या गडबडीतसुद्धा कपाटाच्या दाराला कागद आहे का, बघा. आत्ता बघा. लाइट जायच्या आधी त्यातल्या प्रत्येक नंबरावर एक मेसेज टाका: “आई माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर आहे, फोन बंद पडेल, काळजी नको.” नेटवर्क मरतुकडं असतं तेव्हा फोन लागत नाही पण साधा एसएमएस पुष्कळदा निघून जातो. ही एक ओळ मी तेव्हा पाठवली असती तर! काकूंच्या मुलाने तिकडे टीव्हीवर बडोद्यात छपरावर चढलेली मगर पाहिली आणि आई फोन उचलत नव्हती. त्याने काय काय कल्पना केल्या असतील ते तो आजही सांगत नाही. शेवटी 29 च्या संध्याकाळी मांजलपूरहून त्याचा मावसभाऊ कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला, काकूंना बघितलं आणि जिन्यातच बसला. काकू तेव्हा आमच्याकडे पत्ते खेळत होत्या, तीन दिवस व्यवस्थित जेवल्या होत्या. आम्हाला वाटत होतं की आम्ही त्यांची किती छान काळजी घेतली.

पाणी चढल्यावर खाण्याचं. त्या वेळी नशीब की शीतळा सातम नुकतीच होऊन गेली होती, गुजराती घरांत चूल बंद ठेवायची म्हणून केलेले थेपले उरले होते. दरवेळी असा योग येत नाही. खाखरे, सुखडी, भाजलेले शेंगदाणे, लाह्या यांतलं शेजाऱ्यांच्या वाट्याचं थोडं जास्त आणून ठेवा. मात्र वाटायच्या आधी कोण काय खातं ते बघा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जैन बेन चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, आणि मी रात्री आठ वाजता कांदा घातलेली खिचडी घेऊन त्यांच्या दारात. त्या गोड हसल्या, पातेलं घेतलं आणि समोरच्यांच्या मुलांना दिलं. दुसऱ्या दिवशी साडेचारला साधा मुगाचा भात नेला तेव्हा खऱ्या अर्थाने पोचला.

आता माठ. पहिल्या मजल्यावरच्या भाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं आणि लाइट गेली की फ्रिज नुसतं कपाट. कुणीतरी बर्फ आणला की उत्साहाने कुपी त्यात खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं, नंतर वितळलं तरी. वापरात काढलेली कुपी साधारण चार आठवडे घरातल्या गारव्यात, उन्हापासून लांब चालते, त्यामुळे दोन दिवसांसाठी घाबरायचं कारण नसतं. न फोडलेल्या कुप्यांसाठी माठ: तळाला थोडं पाणी, त्यात वाटी पालथी, त्यावर कुप्या प्लॅस्टिकच्या डब्यात कोरड्या, वर झाकण, माठाभोवती ओलं फडकं, आणि माठ वाऱ्याला. नेमकं किती दिवस ते भाईंच्या डॉक्टरला विचारून घ्या, आणि तेही जूनमध्ये. डॉक्टरचा नंबर कुठे लिहायचा ते आता सांगत नाही.

रात्री पाण्यात उतरू नका, कुणाची मांजर राहिली असली तरी. मगरी ही बडोद्यात गंमत नाही. दिसली तर काठी घेऊन मर्द बनायला जाऊ नये, वनखात्याला कळवावं. कुणाला बरं नसेल तर 108.

पाणी ओसरल्यावर. झाडायला घ्यायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. सर्व्हेवाले आणि विमेवाले दोघंही मागतात आणि तळमजल्याचं माणूस त्या क्षणी फोटो काढायच्या मनःस्थितीत नसतं, तुम्ही काढा. शेजाऱ्याची बुडालेली गाडी ‘बघू चालू होते का’ म्हणून चालू करू नका, इंजिनात पाणी असेल तर त्याचा निकाल लागतो. आमच्याकडे एका भल्या माणसाने लावला. ओल्या भिंतीत करंट असतो, वायरमनने बघेपर्यंत मेन बंदच. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून मगच. तोवर पाणी उकळून. पाय चिखलात घालायचे तर गमबूट, जखम असेल तर दुसऱ्याला पाठवा, नंतर ताप आला तर डॉक्टरला पुरात काम केल्याचं सांगा.

वायपर दोन. आपला एक, त्यांचा एक. चहा थर्मासभर. चादरी धुऊन द्या. डबे आले-गेले, कुणाचं झाकण कुणाकडे, ते दिवाळीपर्यंत चालतं.

बाकी तुम्हाला सुचेलच. यंदाचा कागद झालाय, दहा घरांचा, तीन प्रती. चौथ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, नवरा-बायको आणि एक म्हातारे आजोबा, त्यांचे नंबर राहिलेत. लोणचं संपलंय, संध्याकाळी मेथांबा घेऊन जाते.