थंड हवेतली रेड वाईन आणि माती: या चुका टाळा

पिनो न्वार या लाल वाईनच्या द्राक्षाच्या बाटलीवर मागे "चुनखडीची जमीन" असं वाचलं की पुढचा प्रत्येक घोट चुनखडीचाच लागायला लागतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. वेलीची मुळं दगड चाखत नाहीत हो, ती पाणी ओढतात आणि त्यात विरघळलेले थोडेसे क्षार, आणि ते इतके कमी असतात की ग्लासात त्यांची वेगळी चव कळणं शक्यच नाही. म्हणून लेबलवर दगडाचं नाव वाचलंत तरी आधी हे विचारा की पाणी कुठं मुरतंय आणि जमीन किती लवकर तापते.

पावसानंतरची चिकणमाती मुठीत दाबून बघा. घट्ट गोळा होतो, बोटांचे ठसे तसेच राहतात आणि हाताला गार लागते. मातीत धरून ठेवलेलं पाणी तापवायला ऊन खर्च होतं, त्यामुळे अशी जमीन वसंतात उशिरा जागी होते. गोट्यांच्या जमिनीतून पाणी पटकन निघून जातं आणि मुळांभोवती ऊब लवकर येते. फ्रान्समधला बोर्दो काही अगदी थंड प्रदेश नाही, पण तिथे हे स्पष्ट दिसतं: उशिरा पिकणारी द्राक्षाची जात काबर्ने सोव्हिन्यों मेदोक भागातल्या गोट्यांवर, आणि पोमरोलच्या गार चिकणमातीवर लवकर पिकणारी मर्लो. थंड भागात तर द्राक्ष जेमतेम पिकतं, तिथे आठवडाभराच्या फरकाने वाईन बदलते.

दुसरी चूक म्हणजे हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास आला की लगेच थंडीला दोष देणं. थंडी असतेच, पण जमीन खोल, सुपीक आणि ओलसर असेल तर वेल माजते, पानांची दाटी होते, घड सावलीत राहतात आणि तो वास जातच नाही. फ्रान्सच्या शिनोंमध्ये काबर्ने फ्रांक द्राक्षाची वाईन नदीकाठच्या वाळू-गोट्यांवर हलकी, लवकर पिण्याजोगी होते आणि तुफो नावाच्या मऊ चुनखडीच्या उतारावर तीच जास्त भरीव. द्राक्ष तेच, गाव तेच.

आता नावावर विसंबून राहण्याबद्दल, कारण इथे पैसे वाया जातात. फ्रान्सच्या बर्गंडीतलं क्लो द वूजो बघा. सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून घेतलेलं साधारण 50 हेक्टरचं एकच शेत, आज कितीतरी मालकांत वाटलेलं, आणि सगळंच्या सगळं ग्रां क्रू, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या दर्जाचं. पण वरच्या बाजूला, तिथल्या जुन्या वाड्याजवळ, मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडी, पाण्याचा निचरा चांगला. खाली मोठ्या रस्त्याला लागून मात्र जाड चिकण गाळ, पावसाळी वर्षात पाणी साचतं. लेबलवर नाव एकच, त्यामुळे त्या मालकाची वेल भिंतीच्या आत नेमकी कुठे आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका, मला तर वाईन कोणत्या वर्षाची यापेक्षाही हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

सपाट जागा सोयीची म्हणून चांगली, असंही धरून चालू नका. थंड हवा जड, रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहत तळाला साचते आणि वसंतातला फ्रॉस्ट कोवळे कोंब तिथेच आधी जाळतो. फार वर गेलात तर दर 100 मीटरला साधारण 0.6 अंश गमावता, म्हणून बर्गंडीतल्या कोत द'ओर या पट्ट्याच्या बहुतेक ग्रां क्रू जमिनी उताराच्या मधल्या पट्ट्यात आहेत. उताराचं तोंडही बघा, उत्तर गोलार्धात दक्षिण-पूर्वेकडचं चांगलं, दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत, मात्र उत्तरेकडचं.

अमेरिकेतल्या ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यात तळाला हिमयुगाच्या शेवटी आलेल्या मिझूला महापुरांचा सुपीक गाळ आहे, म्हणून तिथली चांगली पिनो टेकड्यांवर, बेसॉल्टपासून झालेल्या लाल जोरी मातीत किंवा जुन्या समुद्रतळाच्या गाळाच्या खडकावर. आणि तिथल्याच वॅन ड्युझर खिंडीतून संध्याकाळी समुद्राचा वारा घुसतो तिथे मण्यांची साल जाड होते, वाईनला तुरटपणा जास्त येतो. अशी वाईन फार तुरट लागली तर जमिनीला बोल लावण्याआधी वाऱ्याकडे बघा.

फिका रंग बघून वाईन पातळ ठरवू नका, पिनोच्या सालीत रंगद्रव्यंच कमी असतात. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, शेजारच्या दोन शेतांतल्या बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून चाखा, बनवण्याची पद्धत बहुतेक सारखीच असते, मग जो फरक लागेल त्यात जागेचा वाटा मोठा.